तुणतुण्याची बदनामी आणि आयरिश हार्पचा खोटा दाखला

१/
मराठी भाषेने तुळजाभवानीच्या उपासकांवर दोन अन्याय करून ठेवले आहेत. देवीपुढे रात्रभर चालणाऱ्या विधिनाट्याचे नाव ‘गोंधळ’. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बेशिस्त आणि घोटाळा. त्याच विधीत सुराची साथ धरणारे वाद्य ‘तुणतुणे’. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ तीच ती रड पुन्हा पुन्हा ऐकवणे. एका विधीचे आणि एका वाद्याचे नाव ज्या समाजाने असे हिणवून वापरले, त्याच समाजात अधूनमधून एक हळहळ ऐकू येते: आयर्लंडने आपला हार्प जपला, महाराष्ट्राने मात्र तुणतुणे टाकून दिले. प्रस्तुत धागा या हळहळीच्या विरोधात आहे.

२/
या विधानाचा पूर्वार्ध खोटा आहे, उत्तरार्ध अर्धा खरा आहे, आणि त्यातून काढला जाणारा निष्कर्ष घातक आहे. आयर्लंडने जुना हार्प जपला नाही. तो गमावला, आणि त्याच्या जागी वेगळ्या जातीचा हार्प उभा केला. आज आयरिश वादकांच्या हातात जे वाद्य सर्वाधिक दिसते त्याला लिव्हर हार्प म्हणतात. ते लोकप्रिय का झाले, हे समजून घेतले तर तुळजापूरच्या गोंधळ्याकडे बोट दाखवणे थांबेल, आणि खरे काय हरवते आहे तेही कळेल. त्यासाठी आधी धाराशिव जिल्ह्यात थांबू, मग आयर्लंडकडे वळू.

३/
तुळजापूर हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले. महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांची कुलदेवता तेथे आहे. गोंधळी समाजात दोन परंपरा सांगितल्या जातात: माहूरच्या रेणुकेशी नाते सांगणारे रेणुराई आणि तुळजाभवानीशी नाते सांगणारे कदमराई. लग्नानंतर किंवा अन्य मंगलकार्यानंतर घरी गोंधळ घालणे हा अनेक कुळांचा कुळाचार आहे. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, देवदेवतांना नावे घेऊन बोलावले जाते, आणि मग आख्यान रंगते. हे सारे ज्या सुरावर उभे राहते तो सूर तुणतुण्याचा.

४/
तुणतुण्याची रचना सांगायला सोपी आहे. लाकडाचे एक पोकळ नळकांडे. त्याचे खालचे तोंड कातड्याने मढवलेले, वरचे उघडे. नळकांड्याच्या बाहेरील अंगाला एक बांबूची काठी जोडलेली, काठीच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार पोकळीतून सरळ वर जाते आणि खुंटीला गुंडाळली जाते. खुंटी पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. वादक ते काखेत किंवा बाहूच्या आधाराने धरतो आणि तार छेडत राहतो. लाकूड न परवडणाऱ्यांनी पत्र्याच्या डब्यावरही हेच साधले आहे.

५/
आता एक गोष्ट बारकाईने पाहावी. सतार, तंबोरा, सारंगी यांच्या तारा नादपृष्ठावरून त्याला समांतर धावतात. तुणतुण्याची तार मात्र नादपृष्ठातून, म्हणजे कातड्यातून, काटकोनात वर उठते. १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी वाद्यांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात हार्पची ओळख नेमकी हीच आहे: तारांची पातळी नादपृष्ठाला लंब असणे. तुणतुण्याच्या कुळातील वाद्ये तंतुवाद्ये मानावीत की छेडून वाजवायची चर्मवाद्ये, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. तरी रचनेच्या दृष्टीने तुळजापूरचे तुणतुणे सतारीपेक्षा हार्पला जवळचे आहे, हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येते.

६/
हे वाचून लगेच ‘हार्प मूळचा आपलाच’ अशी आरोळी ठोकण्याची घाई करू नये. भारतात धनुष्याकृती हार्प होता, हे निर्विवाद आहे. मळवलीजवळच्या भाजे लेण्यात हत्तीवर आरूढ पुरुषाचा प्रसिद्ध शिल्पपट आहे. त्याच्या खालच्या भागात नृत्याला साथ करणारी हार्पवादकाची आकृती कोरलेली आहे. हे काम इसवी सनापूर्वीचे. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर राजा मांडीवर जी ‘वीणा’ घेऊन बसला आहे, तीही हार्पच आहे. नाट्यशास्त्रातील सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची याच कुळातील मानल्या जातात.

७/
म्हणजे ‘वीणा’ हा शब्द टिकला, पण त्याखालचे वाद्य पूर्ण बदलले. पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत धनुष्याकृती हार्प भारतातील मुख्य प्रवाहातून मागे पडला आणि दांडीच्या वीणेने ते नाव घेतले. ब्रह्मदेशात तो ‘सौंग गौक’ म्हणून आजही मानाने वाजतो. मध्य प्रदेशातील परधानांच्या बिनबाजात त्याचे रूप विसाव्या शतकापर्यंत नोंदले गेले. भाजे लेण्यातील हार्प आणि तुळजापूरचे तुणतुणे यांना जोडणारा कोणताही पुरावा नाही. रचनेतील साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. इतिहासाची आवड असणाऱ्याने हा मोह पहिल्यांदा आवरला पाहिजे.

८/
असाच दुसरा मोह नावाचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, ‘गोंडली’ या नृत्यप्रकाराचे उल्लेख मिळतात. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. उमरग्यापासून ते फार दूर नाही. या नावाचे गोंधळाशी नाते अभ्यासकांनी सुचवले आहे, आणि ते विचारात घेण्यासारखे आहे. पण त्यावरून ‘तुणतुणे नऊशे वर्षांचे’ असे ठोकून देता येत नाही. नृत्याचे नाव सापडले म्हणजे वाद्य सापडले असे होत नाही. तुणतुण्याला मान मिळण्यासाठी खोट्या वयाची गरजही नाही.

९/
आता आयर्लंड. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात एक जुना हार्प जपून ठेवला आहे. लोक त्याला ब्रायन बोरूचा हार्प म्हणतात. ब्रायन बोरू हा राजा १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला. वाद्य मात्र अभ्यासकांच्या मते चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे त्याच्यानंतर किमान तीनशे वर्षांनी घडलेले. १९२८ पासून आयर्लंडच्या नाण्यांवर हार्प आला, पुढे युरोच्या आयरिश नाण्यांवरही तोच आहे. सरकारी मुद्रा, पारपत्र, गिनेसची बाटली, सर्वत्र हार्प. एखाद्या देशाने एखादे वाद्य याहून अधिक मिरवले असेल असे वाटत नाही.

१०/
पण त्या चित्रातील वाद्य कसे वाजत असे? जुन्या आयरिश हार्पला धातूच्या, बहुधा पितळेच्या तारा असत. ध्वनिपेटी विलोच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली. वादक वाढवलेल्या नखांनी तार छेडत. तिचा नाद घंटेसारखा, दीर्घकाळ रेंगाळणारा. म्हणून पुढची तार छेडताना मागची तार बोटाने नेमकी केव्हा थांबवायची, हेच या वादनाचे मर्म होते. ते मर्म कागदावर नव्हते; ते गुरूच्या बोटांतून शिष्याच्या बोटांत जात होते. ही साखळी तुटली की नाण्यावरचा हार्प काहीही शिकवू शकत नाही.

११/
ती साखळी तुटताना पाहणारा साक्षीदार होता. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला उरल्यासुरल्या हार्पवादकांचा मेळावा भरला. दहा आयरिश आणि एक वेल्श, इतकेच आले. त्यांतील अनेक अंध आणि वृद्ध. त्यांचे वादन टिपून घेण्यासाठी एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण नेमला गेला होता. मेळाव्यात डेनिस हेम्पसन हा नव्वदी ओलांडलेला अंध वादक होता. जुन्या पद्धतीने, नखांनी, पितळी तारांवर वाजवणारा तेथे तो एकटाच उरला होता. १८०७ मध्ये तो गेला आणि त्याच्याबरोबर ती बोटेही गेली.

१२/
बंटिंगने १७९६, १८०९ आणि १८४० असे तीन संग्रह छापले. आयर्लंडच्या संगीतावर त्याचे मोठे उपकार आहेत. पण छापताना त्याने सुरावटी पियानोसाठी बेतल्या. कारण उघड होते: ग्राहकांच्या दिवाणखान्यात पियानो होता. सुरावट वाचली, वादनाची रीत बरीचशी निसटली. १८४०च्या संग्रहात त्याने वादकांकडून ऐकलेल्या तारांच्या आणि बोटांच्या काही संज्ञा दिल्या. नंतरच्या पिढ्यांना जुन्या वादनाकडे परतण्यासाठी ज्या मोजक्या वाटा सापडल्या, त्यांत या संज्ञा आणि त्याच्या हस्तलिखित वह्या प्रमुख आहेत.

१३/
मग आजचा लोकप्रिय हार्प आला कोठून? त्याचा एक पूर्वज डब्लिनच्या जॉन इगनच्या कारखान्यात सापडतो. इगन हा पेडल हार्प बनवणारा कारागीर. १८१९च्या सुमारास त्याने एक छोटा, सुटसुटीत हार्प बाजारात आणला आणि त्याला ‘आयरिश’ म्हटले. आकार जुन्या हार्पची आठवण देणारा, तारा मात्र तातीच्या, आणि सूर अर्ध्या पायरीने बदलण्यासाठी यांत्रिक सोय. ग्राहक होता सुखवस्तू घरांतील दिवाणखाना. म्हणजे ‘परंपरेचा’ हार्प हा एका चतुर उद्योजकाने नव्या ग्राहकासाठी केलेला नवा माल होता. पुढे डब्लिनजवळच्या सायन हिलसारख्या मठशाळांतून तातीच्या हार्पचे शिक्षण टिकून राहिले.

१४/
लिव्हर हार्पमध्ये प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी एक छोटी कळ असते. कळ उचलली की तार किंचित आखूड होते आणि सूर अर्ध्या पायरीने चढतो. नायलॉन, तात किंवा कार्बनच्या तारा, बहुधा चौतीसच्या आसपास. आज आयरिश वादकांच्या हाती आयरिश कारागिरांच्या वाद्यांबरोबर फ्रान्सचे कामाक, इटलीचे साल्वी, शिकागोचे लायन अँड हीली, सिॲटलचे डस्टी स्ट्रिंग्ज, जपानचे आओयामा या नाममुद्रांची वाद्ये दिसतात. ज्या वाद्याचे चित्र आयर्लंडच्या नाण्यावर आहे, त्याचा वारस म्हणून वाजणारे वाद्य जपानमधूनही येऊ शकते. हा तपशील हळहळ करणाऱ्यांच्या गावीही नसतो.

१५/
ही लोकप्रियता फसवणुकीतून आलेली नाही. तिला ठोस कारणे आहेत. आयरिश नृत्यसंगीत वेगवान असते. पितळी तारांचा रेंगाळणारा नाद त्यात एकमेकांत मिसळून चिखल करतो, नायलॉनचा नाद लवकर विरतो आणि प्रत्येक सूर स्पष्ट ऐकू येतो. फिडल आणि अकॉर्डियन यांच्याबरोबर बसायचे तर वेगवेगळ्या पट्ट्यांत पटकन जाता आले पाहिजे. कळा ते साधतात. शाळेतील मुलांच्या बोटांना नायलॉन सोसते. तारांमधील अंतर एकसारखे असले की शिक्षकाला सोपे जाते. तार तुटली तर टपालाने नवी मागवता येते. वाद्य भाड्याने मिळते.

१६/
१९६० मध्ये हार्पप्रेमींची ‘कार्दे ना क्रुते’ ही संस्था स्थापन झाली, शिक्षण वाढले, वादक वाढले. २०१९ मध्ये युनेस्कोने आयरिश हार्पवादनाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मराठी समाजमाध्यमांवर यातील फक्त शेवटचे वाक्य पोहोचते. युनेस्कोने गौरवलेली परंपरा दोनशे वर्षांपूर्वी तुटली होती, वाद्य बदलून पुन्हा उभी राहिली, आणि धातूच्या तारांचे जुने वादन १९७०च्या दशकापासून मूठभर लोकांनी जुन्या नोंदी चाळून नव्याने रचले, हे पोहोचत नाही. २००२ मध्ये त्या जुन्या हार्पसाठी वेगळी संस्था काढावी लागली. जे जपले होते ते पुन्हा शोधावे लागत नाही.

१७/
ही दृष्टी घेऊन परत तुळजापूरला यावे. गोंधळाच्या रंगमंचीय सादरीकरणात आज हार्मोनियम सर्रास असते. पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक कीबोर्डही असतो. संबळ टिकून आहे, कारण त्याचा आघात दुसऱ्या वाद्याने सहज भरून निघत नाही. तुणतुणे मात्र मागे सरकते आहे. कित्येकदा ते हातात असते, पण ध्वनिक्षेपक हार्मोनियमसमोर असतो. म्हणजे वाद्य दिसते आणि ऐकू येत नाही. आयरिश हार्प नाण्यावर चढला तेव्हा त्याचेही हेच झाले होते: डोळ्यांसाठी राहिला, कानांसाठी गेला.

१८/
याचीही कारणे नैतिक नाहीत, व्यावहारिक आहेत. तुणतुण्याचे कातडे दमट हवेत सैल पडते आणि सूर उतरतो. नवरात्र तर पावसाळ्याच्या अखेरीसच येते. तार एक, सूर एक. गायक बदलला, पट्टी बदलली, की खुंटी पिळून पुन्हा मिळवणे आले. हार्मोनियमवर पट्टी बदलायला फक्त बोटांची जागा बदलावी लागते. लग्नाच्या मंडपात, जनरेटर आणि भोंग्यांच्या गोंगाटात, एका तारेचा नाद पोहोचत नाही. जी कारणे आयर्लंडमध्ये लिव्हर हार्पच्या बाजूने होती, जवळपास तीच येथे हार्मोनियमच्या बाजूने आहेत.

१९/
येथे शुद्धतावादी उभे राहतात. त्यांचे म्हणणे: हार्मोनियम परकीय आहे, ते हाकला. हार्मोनियम परकीय आहे हे खरेच. अलेक्सांद्र दबँ याने १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता चालवायचे, मांडी घालून वाजवायचे रूप दिले. पण हाकलण्याचा प्रयोग एकदा झाला आहे. १९४० ते १९७१ अशी तीन दशके आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. त्या काळात मैफल, कीर्तन, भजन, नाटक, तमाशा यांतून ते हलले का? उलट घराघरांत पोहोचले. सरकारी फतव्याने वाद्याची लोकप्रियता घटत नाही.

२०/
शिवाय शुद्धतेचा हा दंडक लावायचा तर तुणतुण्यालाही लावावा लागेल. त्यावरची आजची एकसारख्या जाडीची पोलादी तार ही कारखान्यात ओढलेली तार आहे. पत्र्याचा डबाही कारखान्यातलाच. गोंधळ्याने जे हाताशी आले ते वापरून वाद्य चालू ठेवले, आणि त्यात त्याने कोणताही गुन्हा केला नाही. शुद्ध, अस्पर्श, मूळ स्वरूपातील वाद्य ही कल्पना संग्रहालयाच्या काचेआड शोभते. वाजणाऱ्या वाद्याला ती कधीच लागू पडत नाही, ना बेलफास्टमध्ये, ना तुळजापुरात.

२१/
शुद्धतावादाचा सर्वांत मोठा दोष मात्र वेगळा आहे: त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असते. गोंधळी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. गोंधळ हा त्याच्यासाठी वारसा आहे तसा चरितार्थही आहे. ज्या लग्नात डीजेवर सढळ हाताने खर्च होतो, त्याच लग्नात गोंधळ्याच्या बिदागीसाठी घासाघीस होते. आणि तोच यजमान दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमावर ‘आपली वाद्ये लोप पावत आहेत’ असे लिहितो. तुणतुणे कोणी टाकले, हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो वाजवणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्याला विचारला पाहिजे.

२२/
दुसऱ्या टोकाला आणखी एक आळशी मत आहे: लोकांनी जे स्वीकारले तीच परंपरा, मग चिंता कशाला? हेही चूक आहे. लिव्हर हार्प कितीही गोड असला तरी पितळी तारा केव्हा थांबवायच्या हे तो शिकवत नाही. ते हेम्पसनबरोबर गेले. हार्मोनियमही तुणतुण्याचे काम पूर्णपणे करत नाही. तुणतुणे सूर धरते आणि त्याच वेळी लय मोजते. त्याची छेड संबळाच्या दोन आघातांमध्ये कोठे पडते, गायकाने श्वास घेतला की वादक ती कशी दाटवतो, हे हार्मोनियमच्या अखंड सुरात उरत नाही.

२३/
हीच गोष्ट शाहिरीत आणि तमाशात दिसते. तेथे तुणतुणेवाला बहुधा झीलकरीही असतो. मुख्य गायकाची ओळ संपण्याच्या बेतात असताना तो वरच्या सुरात ती उचलतो आणि त्याच वेळी त्याचे बोट तारेवर चालू असते. वाद्य आणि गळा एकाच माणसाचे असल्यामुळे त्यांच्यात अंतर पडत नाही. कीबोर्डवाला बाजूला बसवला की हे एकत्व मोडते. वाद्य गेले म्हणजे फक्त एक ध्वनी जात नाही; एक भूमिका, एक माणूस, एक शिकण्याची वाट जाते. लोकप्रियतेच्या नावाखाली हे नुकसान शून्य मानणे हा अप्रामाणिकपणा आहे.

२४/
म्हणून दोष बदलाचा नाही, नोंद न ठेवण्याचा आहे. आणि येथे मराठी अभ्यासपरंपरेलाही जाब विचारला पाहिजे. रा. चिं. ढेरे यांनी तुळजाभवानी आणि महाराष्ट्रातील देवीसंप्रदायांवर मोलाचे काम केले, अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताच्या शास्त्राची मांडणी केली. तरीही लोकसाहित्याच्या सर्वसाधारण संकलनात शब्दांना पाने मिळतात आणि वाद्याला एक ओळ. गीत छापले जाते; तार किती लांब होती, कोणत्या सुराला मिळवली होती, छेड नखाची होती की नखीची, हे छापले जात नाही. बंटिंगने केलेली चूक मराठीत दोनशे वर्षांनीही सुखेनैव चालू आहे.

२५/
तेर याच धाराशिव जिल्ह्यात आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या शासकीय वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातील मृण्मूर्ती आणि मणी पाहून तरुण अभ्यासक हरखून जातात, आणि ते योग्यच आहे. एका व्यक्तीने गावोगावच्या मातीतून उचललेल्या वस्तूंमुळे प्राचीन तगर नगराचा इतिहास हाताला लागला. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्याचे माप मिलिमीटरमध्ये घेणाऱ्या जिल्ह्यात, आज वाजणाऱ्या तुणतुण्याचे माप किती जणांनी घेतले आहे? मणी आणखी हजार वर्षे थांबेल. म्हाताऱ्या गोंधळ्याची बोटे थांबणार नाहीत.

२६/
करायचे काम साधे आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. नळकांड्याची उंची आणि व्यास मोजावा. कातडे कोणाचे, कोण मढवतो, किती दिवसांनी बदलतो, ते लिहावे. तारेची लांबी आणि जाडी, खुंटीचे लाकूड, मिळवलेला सूर नोंदवावा. प्रत्येक भागाला वादक कोणते नाव देतो ते त्याच्याच शब्दांत टिपावे. तुणतुणे एकटे, मग संबळाबरोबर, मग गायनाबरोबर, असे तीनदा ध्वनिमुद्रित करावे, आणि बोटे दिसतील असे चित्रण करावे. शिकवले कोणी, तेही विचारावे. आणि या वेळेचे मानधन द्यावे. फुकटच्या कौतुकाने गोंधळ्याची चूल पेटत नाही.

२७/
हे झाल्यावर हार्मोनियम राहिले तरी हरकत नाही. आयर्लंडमध्ये लिव्हर हार्प वाजतो म्हणून कोणी रडत नाही; त्याच्याच लोकप्रियतेमुळे हार्प शिकणारी मुले वाढली आणि त्यांतील काही पुढे पितळी तारांकडे वळली. तुळजापुरातही तसे होऊ शकते. आज कीबोर्डवर गोंधळगीत वाजवणारा मुलगा उद्या आजोबांचे तुणतुणे उतरवून पाहील, पण ते कसे मिळवायचे आणि कसे छेडायचे हे कोठेतरी टिपलेले असेल तरच. अन्यथा त्याच्या हाती फक्त एक नळकांडे येईल आणि सोबत मराठी भाषेतील एक हिणवणारा वाक्प्रचार.

२८/
तेव्हा ‘आयर्लंडने जपले, आपण टाकले’ हे तुणतुणे आता पुरे. आयर्लंडने मिरवले, गमावले, आणि जेवढे एका तरुणाने वेळेत लिहून ठेवले होते तेवढेच परत मिळवले. बेलफास्टच्या मेळाव्यात वही घेऊन बसलेल्या बंटिंगचे वय एकोणीस होते, आणि त्याच्यासमोर उरलेले वादक अकरा. तुळजापूर, नळदुर्ग, परंडा, उमरगा या भागात तुणतुणे छेडणारे हात आज त्याहून निश्चितच अधिक आहेत. ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. येणाऱ्या नवरात्रात ते तुणतुण्यासमोर धरावे.

(धागा समाप्त)